लाइट-अप, शटडाऊन, ट्रिप: धुराच्या नियमांना पडलेली तीन भोकं आणि अमेरिकेतला केंद्र-राज्य वाद

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, एक ईमेल पत्ता जाहीर केला. विषारी वायूंच्या नव्या नियमांतून ज्या कारखान्यांना सूट हवी असेल, त्यांनी राष्ट्राध्यक्षांसाठीचे अर्ज या पत्त्यावर पाठवावेत, असं सांगण्यात आलं. पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिलला, कोळशावरच्या कित्येक वीजकेंद्रांना दोन वर्षांची सूट मिळाली. जुलैमध्ये त्या यादीत काही रासायनिक कारखाने, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारे कारखाने आणि लोहखनिजावर प्रक्रिया करणारे कारखाने आले.

ही सूट कायद्याबाहेरची नाही. विषारी वायूंच्या कलमातच तशी तरतूद आहे. नियम पाळण्याचं तंत्रज्ञान उपलब्ध नसेल आणि सूट देणं राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताचं असेल, तर राष्ट्राध्यक्षांना एका वेळी दोन वर्षांपर्यंत सूट देता येते. वाद या दोन अटी खरोखर पूर्ण होतात का, यावर आहे.

या सुटीची बातमी झाली. हिच्यापेक्षा जुनी आणि जास्त पसरलेली दुसरी एक सूट मात्र राज्यांच्या नियमांत १९७०च्या दशकापासून बसलेली आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कारखाना सुरू होताना, बंद होताना आणि बिघडल्यावर धुराची मर्यादा लागू नाही, अशी ती सूट. प्लांटवरची माणसं ज्याला लाइट-अप, शटडाऊन आणि ट्रिप म्हणतात, ते हे तीन प्रसंग. २०१५ साली ईपीएने ३६ राज्यांना ही सूट काढायला सांगितलं. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्या आदेशाचा मोठा भाग रद्द केला. त्यावरून राज्य आणि केंद्र यांचं नातंही कळतं आणि धुरांड्यातून नेमकं काय बाहेर पडतं तेही.

कोण काय ठरवतं

अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा १९७० सालचा. त्यातली कामाची वाटणी बोर्डाच्या परीक्षेसारखी आहे. उत्तीर्ण व्हायला किती गुण हवेत ते बोर्ड ठरवतं, वर्गात शिकवायचं कसं ते शाळेवर सोडलेलं असतं.

ईपीए सहा प्रदूषकांसाठी राष्ट्रीय मानकं ठरवते: सूक्ष्म धूळ, ओझोन, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि शिसं. ही मानकं हवेसाठी असतात, एखाद्या धुरांड्यासाठी नाहीत. उदाहरणार्थ, पीएम २.५ या अतिसूक्ष्म धुळीचं वार्षिक मानक फेब्रुवारी २०२४ मध्ये घनमीटरला १२ मायक्रोग्रॅमवरून ९ वर आणलं गेलं. (भारतात हेच मानक ४० आहे.)

मानक ठरलं किंवा बदललं की तीन वर्षांच्या आत प्रत्येक राज्याने आपला अंमलबजावणीचा आराखडा सादर करायचा. कोणत्या कारखान्याला किती मर्यादा, मोजमाप कसं, परवाना कोण देणार, तपासणी कोण करणार, हे सगळं त्यात येतं. आधी राज्यात जाहीर सूचना द्यायची, लोकांच्या हरकती मागवायच्या, मग आराखडा ईपीएकडे पाठवायचा. तो पूर्ण आहे की नाही हे ठरायला जास्तीत जास्त सहा महिने आणि त्यानंतर निर्णयाला बारा महिने, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात या मुदती वरचेवर टळतात.

ईपीएने आराखडा मंजूर केला की एक महत्त्वाची गोष्ट घडते. राज्याचा नियम केंद्राचाही नियम होतो. मग त्याची अंमलबजावणी तिघांना करता येते: राज्याला, ईपीएला आणि साध्या नागरिकाला. नागरिकाने ६० दिवसांची नोटीस देऊन थेट संघीय न्यायालयात खटला भरायचा, अशी सोय कायद्यात आहे. त्यामुळे आराखड्यात लिहिलेलं एक छोटं वाक्य, 'ही मर्यादा यंत्र सुरू करताना लागू नाही', फार जड ठरतं. त्या एका वाक्याने तिघांचेही हात बांधले जातात.

सुरू होतानाच जास्त धूर का

चूल पेटवताना पहिली पाच मिनिटं घर धुराने भरतं. लाकडं पेटली, जाळ धरला की धूर कमी होतो. बॉयलरचंही मूळ कारण तेच: थंड भट्टीत इंधन अर्धवट जळतं. पण कारखान्यात आणखी एक गोष्ट असते, जी चुलीत नसते. धूर गाळणारी यंत्रं स्वतःच थंडीत काम करू शकत नाहीत.

कोळशावरच्या वीजकेंद्रातलं ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने राख पकडणारं यंत्र घ्या. ही एक अवाढव्य खोली असते. आत लोखंडी पत्र्यांच्या उंच रांगा टांगलेल्या आणि त्यांच्या मधोमध तारा किंवा काटेरी दांडे. या दांड्यांना चाळीस-पन्नास हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त दाबाची वीज दिली जाते. राखेचे कण भारित होतात, पत्र्यांना चिकटतात, ठराविक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये पडते. चांगलं चालणारं ईएसपी ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडतं.

आता थंड बॉयलर पेटवायचा आहे. आधी तेलाचे बर्नर लावतात, कोळसा नंतर. सुरुवातीला तेल नीट जळत नाही. न जळलेली वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड धुराबरोबर ईएसपीपर्यंत येतात. ईएसपीत ठिणग्या पडणं ही रोजची गोष्ट असते. ठिणगी आणि ज्वालाग्राही वायू एकत्र आले की स्फोट. म्हणून ऑपरेटर तेलाचा टप्पा संपेपर्यंत आणि धूर पुरेसा तापेपर्यंत ईएसपीची फील्ड्स, म्हणजे वीज दिलेले विभाग, बंद ठेवतो, मग एकेक करून चालू करतो.

ही भीती काल्पनिक नाही. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सच्या रिफायनरीत एक मोठं युनिट थांबवून ठेवलं होतं. झिजलेल्या व्हॉल्व्हमुळे ज्वालाग्राही वाफा नको तिथून मागे सरकत ईएसपीत पोचल्या. ईएसपी चालूच होतं. स्फोट झाला, आजूबाजूच्या वस्तीतल्या घरांवर आणि गाड्यांवर उत्प्रेरकाची पांढरी भुकटी पडली.

इतर यंत्रांचीही अशीच अडचण. नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रात अमोनिया सोडतात, पण उत्प्रेरक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय नाही. त्याआधी सोडला तर चिकट क्षार तयार होऊन उत्प्रेरकाची आणि एअर प्रीहीटरची छिद्रं बुजतात. बॅग फिल्टरमध्ये थंड, दमट धूर सोडला तर कापडावर पाणी आणि आम्ल धरतं, राखेचा लगदा होतो आणि पिशव्या कायमच्या निकामी होतात. तेव्हा 'सुरू होताना गाळणी चालवाच' असं सरसकट म्हणणारा माणूस प्लांटमध्ये कधी उभा राहिलेला नसतो.

मग सूट देण्यात चूक काय?

चूक अशी, की 'नेहमीची मर्यादा आता शक्य नाही' यावरून थेट 'आता कुठलीच मर्यादा नाही' इथवर उडी मारली जाते. या दोहोंच्या मध्ये बरंच काही करता येतं.

सुरू होताना कोळशाऐवजी नैसर्गिक वायू किंवा हलकं, कमी गंधकाचं तेल जाळा. तापमान अमुक झालं की इतक्या वेळात ईएसपी चालू झालंच पाहिजे असं लिहा. एका वर्षात किती वेळा थंड अवस्थेतून सुरू करायचं याला आकडा लावा. सुरू होण्याचा टप्पा कधी संपला, याची व्याख्या घड्याळाने करा. याला म्हणतात पर्यायी मर्यादा. वीजकेंद्रांच्या पाऱ्याच्या नियमात हेच केलेलं आहे: सुरू होताना ठरलेली स्वच्छ इंधनं वापरायची आणि गाळणी शक्य तितक्या लवकर लावायची. त्या नियमात 'वीज तयार होऊ लागल्यापासून चार तासांपर्यंत सुरुवातच धरू' असा एक पर्याय होता. ईपीएने २०२४ मध्ये तो काढला, कारण बहुतेक वीजकेंद्रं तो पर्याय वापरतच नव्हती. एप्रिल २०२५ ची राष्ट्राध्यक्षांची सूट याच २०२४ च्या नियमाला होती.

माझं मत स्पष्ट आहे: पर्यायी मर्यादा ही अभियांत्रिकी आहे, कोरी सूट ही पळवाट आहे. दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात, म्हणून वाचताना फसायला होतं.

एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी

राज्यांच्या आराखड्यांतल्या सुटी चार जातींच्या आहेत. त्या समजायला रस्त्यावरचा सिग्नल पुरे आहे.

पहिली जात: 'पहाटे पाच ते सातमध्ये सिग्नल लागूच नाही.' तोडला तरी गुन्हा घडलेलाच नसतो. ही आपोआप मिळणारी सूट. दुसरी: 'चौकातल्या हवालदाराने हात दाखवला तर तोडलेला सिग्नल तोडलाच नाही असं धरावं.' इथे राज्याच्या पर्यावरण खात्याचा संचालक आपल्या अधिकारात सूट देतो, केंद्राला किंवा लोकांना न विचारता.

तिसरी जास्त छुपी आहे. 'हवालदाराने सोडून दिलं, तर त्या अपघातात ज्याचा पाय मोडला त्यालाही कोर्टात जाता येणार नाही.' राज्याने कारवाई न करायचं ठरवलं की ईपीए आणि नागरिक यांचाही दावा संपतो. हवालदाराला सोडून द्यायचा अधिकार असणं ठीकच आहे, पण त्याने दुसऱ्याचा दरवाजा बंद करावा हे बरोबर नाही.

चौथी: 'सिग्नल तोडला हे खरं, पण ब्रेक अचानक निकामी झाले आणि गाडीची देखभाल व्यवस्थित होती हे सिद्ध केलं तर दंड नाही.' ही बचावाची तरतूद. चौघींत ही सगळ्यात समजूतदार वाटते, कारण पुरावा कारखान्याला द्यावा लागतो.

२००८ ते २०२४: मर्यादा 'सतत' असते म्हणजे काय

कायद्यात उत्सर्जन मर्यादेची व्याख्या १९७७ साली घातली गेली. प्रदूषकाचं प्रमाण, वेग किंवा तीव्रता 'सततच्या पायावर' मर्यादित करते ती मर्यादा, असा तिचा अर्थ. सगळा वाद या 'सतत' शब्दावर उभा आहे.

ईपीएने १९८२ मध्येच राज्यांना कळवलं होतं की मर्यादेपेक्षा जास्त धूर म्हणजे उल्लंघन, मग कारण काहीही असो. पण तोवर मंजूर झालेल्या आराखड्यांतली वाक्यं तशीच राहिली. आणि खुद्द ईपीएच्या विषारी वायूंच्या नियमांतही तशीच सूट होती. डिसेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट अपील न्यायालयाने सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर ती सूट रद्द केली. व्याख्येत सतत म्हटलंय, तर सुरू होताना आणि बंद होतानाही काहीतरी मर्यादा हवीच. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने सिमेंट कारखान्यांच्या नियमातली बचावाची तरतूदही काढली. दंड करायचा की नाही हे न्यायाधीश ठरवतील, ईपीएने आधीच त्यांचे हात बांधू नयेत, असा तो निकाल.

या दोन निकालांच्या बळावर ईपीएने मे २०१५ मध्ये ३६ राज्यांना दुरुस्तीची नोटीस काढली. तुमच्या आराखड्यातल्या अमुक तरतुदी कायद्यात बसत नाहीत, १८ महिन्यांत बदला. मुदत होती २२ नोव्हेंबर २०१६. मग सरकार बदललं, धोरण बदललं. २०२० मध्ये टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना आणि आयोवा यांची नोटीस मागे घेतली गेली. २०२१ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि ईपीए २०१५ च्या भूमिकेवर परत आली.

शेवटी १ मार्च २०२४ ला डी. सी. सर्किटचा निकाल आला. वरवर पाहता 'सूट वैध ठरली' असं वाटेल, पण निकाल तेवढा सरळ नाही. कायदा म्हणतो, आराखड्यात राष्ट्रीय मानकं गाठण्यासाठी 'आवश्यक किंवा योग्य' अशा मर्यादा असाव्यात. न्यायालयाचं म्हणणं असं: राज्याच्या आराखड्यातली प्रत्येक मर्यादा या अर्थाने आवश्यक आहे, असं ईपीएने गृहीत धरलं, दाखवून दिलं नाही. ते दाखवलं नाही म्हणून आपोआप मिळणारी सूट, संचालकाच्या मर्जीची सूट आणि पूर्ण सुटीसारखीच वागणारी बचावाची तरतूद यांच्याबाबतची नोटीस रद्द. पण जिथे तरतूद नागरिकांचा आणि न्यायालयाचा दरवाजा बंद करते, किंवा दंडासारख्या ठराविक शिक्षेपासून वाचवते, तिथे ईपीएचं बरोबर आहे.

म्हणजे 'सतत' शब्द जिवंत आहे. फक्त आता ईपीएला एकेका राज्याच्या एकेका मर्यादेबद्दल सिद्ध करावं लागेल की ही मर्यादा मानक गाठायला लागतेच. काम अशक्य नाही, पण फार मोठं आहे, आणि ते करायची इच्छा असलेलं प्रशासनही हवं.

'थोडाच वेळ तर असतो, सरासरीत काय फरक पडतो?'

मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या सरासरीने मिठी नदी घरात येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्याने आली.

फुप्फुसांचंही तसंच. व्यायाम करणाऱ्या दम्याच्या रुग्णाला सल्फर डायऑक्साइडचा त्रास पाच-दहा मिनिटांत होऊ शकतो. म्हणूनच २०१० साली ईपीएने या वायूसाठी एका तासाचं मानक आणलं, अब्जात ७५ भाग. दिवसाच्या आणि वर्षाच्या सरासरीवर भागत नव्हतं.

आणि 'थोडा वेळ' वजनात मोजला तर थोडा राहत नाही. समजा धुरातला ९५ टक्के सल्फर डायऑक्साइड स्क्रबर काढतो. म्हणजे १०० किलोपैकी ५ किलो बाहेर जातो. स्क्रबर बंद करून धूर बगलेतून सोडला की १०० किलो जातो. बिनगाळणीचा एक तास हा गाळणीच्या २० तासांबरोबर. फ्लेअरचा, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योतीचा, हिशेब आणखी कडक आहे. रिफायनरीच्या उंच नळीवरची ज्योत नीट असेल तर ९८ टक्के वायू जळतो असं धरतात. ती पेटती ठेवणारी पायलटची छोटी ज्योत विझली आणि वायू तसाच सुटला, तर एका तासात ५० तासांचा माल हवेत. ज्योतीत सोडायच्या वाफेचं प्रमाण जास्त झालं तरी ज्योत गुदमरते, आणि तेव्हा धूर दिसत नाही म्हणून खालून सगळं छान वाटतं.

'यंत्र बिघडणारच. बिघाडाची शिक्षा कशी करता?'

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

केंद्राच्या नियमांत बिघाडाची व्याख्याच अरुंद आहे. तो अचानक असला पाहिजे, क्वचित असला पाहिजे आणि वाजवी काळजी घेऊन टाळता येण्यासारखा नसला पाहिजे. देखभालीत हयगय केल्याने झालेली नादुरुस्ती या व्याख्येत बसत नाही. महिन्यातून दोनदा ट्रिप होणारा तोच कॉम्प्रेसर म्हणजे बिघाड नाही. कॉम्प्रेसर बदलायचा की नाही याचा तो निर्णय आहे, आणि सूट असेल तर तो निर्णय पुढे ढकलणं फुकट पडतं.

खऱ्या बिघाडाला शिक्षा व्हावी असं कुणी म्हणत नाही. खटला भरायचा की नाही हे राज्य ठरवू शकतं, दंड किती हे न्यायाधीश कारण बघून ठरवतो. कायद्यातली कमाल रक्कम महागाईनुसार वाढत आता दिवसाला १ लाख डॉलरच्या वर गेली आहे, पण ती कमाल आहे.

२०१५ च्या रिफायनरी नियमात ईपीएने मधला मार्ग काढला. फ्लेअरवर मोठी घटना झाली की मूळ कारण शोधून लेखी द्यायचं. त्याच फ्लेअरवर त्याच कारणाने तीन वर्षांत दुसऱ्यांदा घडलं तर उल्लंघन. कारण काही का असेना, तीन वर्षांत तिसऱ्यांदा घडलं तरी उल्लंघन, अपवाद फक्त वादळासारख्या हाताबाहेरच्या आपत्तींचा. शिवाय कुंपणाभोवती नळ्या लावून दर १४ दिवसांनी बेंझिन मोजायचं, आणि वर्षाची सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर गळती शोधून दुरुस्त करायची. पहिल्या चुकीला समजून घेणारा आणि तिसरीला न सोडणारा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

'वीज गेली तर? वादळ आलं तर?'

त्यासाठी वेगळी कळ आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाच्या वादळाने वीजपुरवठा कोसळत होता, तेव्हा १४ फेब्रुवारीला केंद्रीय ऊर्जा खात्याने आणीबाणीचा आदेश काढून वीजकेंद्रांना गरजेपुरती मर्यादा ओलांडायची मुभा दिली. ठराविक दिवसांसाठी, आणि जास्तीच्या धुराचा हिशेब देण्याच्या अटीवर. राज्याच्या आराखड्यातल्या कायमच्या सुटीला ना तारीख असते, ना हिशेब.

'राज्याचं राज्याला कळत नाही का?'

कळतं, आणि कायद्याने 'कसं' हा भाग राज्याला म्हणूनच दिला आहे. पण दोन गोष्टी राज्याला एकट्याने सोडवता येत नाहीत. एक, कारखाना शेजारच्या राज्यात जाईल या धाकाने राज्यांना नियम सैल करायचा मोह होतो. दोन, धूर सरहद्द ओळखत नाही. पेनसिल्व्हेनियात डेलावेअर नदीकाठी पोर्टलंड नावाचं कोळशाचं वीजकेंद्र होतं आणि पलीकडच्या काठावर न्यू जर्सी. धुरांडं एका राज्यात, दमेकरी दुसऱ्या राज्यात. न्यू जर्सीने ईपीएकडे तक्रार केली आणि २०११ मध्ये ईपीएने त्या केंद्राला तीन वर्षांत सल्फर डायऑक्साइड ८१ टक्के कमी करायला सांगितलं. न्यू जर्सीने आपल्या हद्दीत कितीही कडक नियम केले असते तरी हे झालं नसतं.

राज्याने नोटिशीला दाद दिली नाही तर केंद्र काय करू शकतं, तेही ठरलेलं आहे. १८ महिन्यांनी पहिली शिक्षा: जिथली हवा आधीच मानकाबाहेर आहे तिथे नवा मोठा कारखाना काढायचा तर त्याच्या प्रत्येक टनामागे आधीचे दोन टन कमी करून दाखवायचे. आणखी सहा महिन्यांनी दुसरी: सुरक्षेची वगैरे कामं सोडून बाकी महामार्गांचा केंद्रीय निधी थांबतो. आणि दोन वर्षांत ईपीएला स्वतःचा आराखडा त्या राज्यावर लावावा लागतो. तोही न्यायालयात अडकू शकतो. शेजारच्या राज्यांत वाहत जाणाऱ्या ओझोनसाठी ईपीएने काढलेला केंद्रीय आराखडा जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवला.

आपल्याकडे रचना वेगळी आहे. मानकं केंद्राची, संमतीपत्रं आणि तपासणी राज्य मंडळांची, पण राज्याने आराखडा द्यायचा आणि केंद्राने तो मंजूर-नामंजूर करायचा असा टप्पा नाही. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अपघाताने मर्यादेपेक्षा जास्त धूर सुटला, किंवा सुटेल अशी भीती असली, तर कारखान्याने मंडळाला ताबडतोब कळवायचं असतं. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मानकातून जी सूट मिळाली, ती थेट केंद्राच्या अधिसूचनेने. तिथे राज्याला आडवं यायला जागाच नव्हती.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी काय बघावं

ह्यूस्टन परिसरात मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि शिप चॅनेल या जहाजांच्या कालव्याकाठच्या रिफायनऱ्या त्याच शहराच्या पूर्वेला. टेक्सासच्या नियमाप्रमाणे ठराविक वजनापेक्षा जास्त प्रदूषक सुटलं तर कळल्यापासून २४ तासांत राज्याच्या पर्यावरण आयोगाला कळवावं लागतं आणि घटना संपल्यावर दोन आठवड्यांत अंतिम अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. देशभरच्या कारखान्यांची तपासणी आणि दंड यांची नोंद ईपीएच्या 'एको' या संकेतस्थळावर मिळते.

याच परिसरातल्या बेटाउनच्या रिफायनरी संकुलावरचा खटला अशाच नोंदींवर उभा राहिला. दोन संस्थांनी २०१० साली नागरिक म्हणून तो भरला. कंपनीच्याच अहवालांतले दिवस एकेक करून मोजले गेले, आणि बरीच वर्षं अपिलात फिरून दंड १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर ठरला. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो कायम ठेवला.

राज्य आराखडा बदलायला निघालं की हरकतींसाठी किमान ३० दिवस मिळतात. मसुद्यात 'सुरू करताना', 'बंद करताना', 'अटळ' आणि 'संचालकाच्या मते' हे शब्द शोधावेत. जिथे सापडतील तिथे तीन प्रश्न लेखी विचारावेत: या वेळात कोणती पर्यायी मर्यादा लागू आहे, हा टप्पा कोणत्या तापमानाला किंवा किती तासांनी संपतो, आणि या बदलाने मानक पाळण्यात बाधा येत नाही हे कोणत्या आकड्यांवरून ठरवलं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण अशी बाधा आणणारा बदल मंजूर करायला ईपीएला कायद्याने मनाई आहे. वेळेत लिहून दिलेल्या मुद्द्याला उत्तर द्यावं लागतं. न लिहिलेला मुद्दा पुढे न्यायालयात बहुधा काढता येत नाही.

आणि घटनेचा अहवाल वाचताना आधी सुटलेल्या प्रदूषकाच्या वजनाचा, म्हणजे पौंडांचा, आकडा बघू नये. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि कारण हे तीन रकाने बघावेत, मग त्याच युनिटचे मागच्या दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवावेत. कारणाच्या रकान्यात तोच पंप, तोच व्हॉल्व्ह, तोच कॉम्प्रेसर पुन्हा दिसला, तर 'अचानक' हा शब्द त्या अहवालाला लागू होत नाही.